शंभराचं पुडकं

नंदिनी नगरातल्या आमच्या दुकानाला आठवड्याला साधारण दोन हजारांची चिल्लर लागते. वही, पेनाची रिफिल, शाम्पूची पुडी, दहा रुपयांची शेव असल्या मालावर चालणारं हे दुकान. सुटे पैसे नसले की गिऱ्हाईक वस्तू तिथेच ठेवून पुढच्या ठेल्यावर जातं. म्हणून दर सोमवारी मी बँकेत नोटा देते आणि नाणी घेऊन येते. कॅशियर काउंटरवर प्लास्टिकची पुडकी ठेवतो. एका पुडक्यात शंभर नाणी. पाचचं पुडकं पाचशेचं, दोनचं दोनशेचं. "आंटीजी, गिन लीजिए," तो दर वेळी म्हणतो. मी मोजते ती रात्री, जेवणं आटोपल्यावर, जमिनीवर जुना पेपर पसरून. मोजताना प्रत्येक नाणं दोन्ही बाजूंनी बघते. अठरा वर्षं झाली, हा क्रम चुकलेला नाही.

सुरुवात दोनाच्या एका नाण्याने झाली. शाळेतल्या एका पोराला खोडरबराचे सुटे देत होते. नाणं गल्ल्यातून उचललं आणि अंगठ्याला नेहमीच्या नकाशाऐवजी काहीतरी उंच लागलं. उजेडात धरलं तर शिवाजी महाराज! अकरा कोनांचं दोनाचं नाणं, १९९९ सालचं. मी मूळची तुमसरची, भंडारा जिल्ह्यातली. लग्न होऊन इकडे छत्तीसगडात आले आणि इथलीच झाले. पण महाराज असे गल्ल्यात, खोडरबराच्या हिशेबात भेटतील असं कधी वाटलं नव्हतं. पोराला दुसरं नाणं दिलं आणि हे पदराच्या गाठीला बांधलं. त्या रात्री गल्ला सगळाच पेपरवर ओतला, आणि तेव्हापासून ओततेच आहे.

अमेरिकेत हा छंद फार जोरात आहे. तिथे बँका नाणी कागदात गुंडाळून देतात. लांबट नळीसारखी गुंडाळी असते. पाव डॉलरची ४० नाणी एका गुंडाळीत. लोक अशा गुंडाळ्यांच्या पेट्याच्या पेट्या घरी नेतात, बघतात आणि उरलेली परत भरतात. त्यांना त्यात चांदी सापडते. तिथल्या अर्ध्या डॉलरमध्ये १९६४पर्यंत ९० टक्के चांदी होती, १९६५ ते १९७० या काळात ४० टक्के. अजूनही एखादं चुकून फिरत असतं, आणि ते कडेवरून ओळखता येतं, कारण नव्या नाण्याच्या कडेला तांब्याची रेघ दिसते. आपल्याकडे तशी आशा ठेवू नये. आपल्या रुपयातली चांदी १९४०च्या दशकातच संपली, आणि जी उरली होती ती बायकांच्या गळ्यात आणि जमिनीखालच्या मडक्यात गेली. आपल्या पुडक्यात जे सापडतं ते वेगळं असतं: साल, खूण, धातू, चित्र आणि एखादी चूक.

पुडकी दोन जातींची असतात, हे आधी कळायला हवं. एक जात टांकसाळीतून थेट आलेली. त्यातली शंभरही नाणी एका सालाची, एका चित्राची, लखलखीत असतात. ती हाताला छान वाटतात, पण त्यांत शोधण्यासारखं काही नसतं. दुसरी जात बाजारातून परत आलेली: देवळाच्या दानपेटीतली, बसवाल्याच्या थैलीतली, भाजीवाल्यांनी जमा केलेली. कोणीतरी ती शंभर-शंभरने भरून बँकेत दिलेली असतात. रिझर्व्ह बँकेच्याच सूचना आहेत की बँकांनी लहान नाणी नाकारू नयेत, आणि शंभर-शंभरच्या प्लास्टिक पिशव्यांत भरून दिली तर कॅशियरचं आणि ग्राहकाचं, दोघांचंही काम सोपं होतं. मला हवी असतात ती हीच. कॅशियरला आता ठाऊक आहे. नवी पुडकी समोर असली तरी तो खाली वाकून काळपट, चिकट पुडकं काढून देतो. बाकीचे लोक ती घ्यायला नाखूश असतात, म्हणून त्याचीही सोय होते.

आता बघायचं कसं, ते सांगते. आधी साल, मग सालाच्या खाली काय आहे ते. आपल्या देशात चार टांकसाळी आहेत. मुंबईची फोर्टातली, १८२९पासूनची. तिची खूण पत्त्यांतल्या चौकटीसारखी. हैदराबादची मूळ निजामाची. तिची खूण चांदणी. नोएडाची १९८८मध्ये सुरू झाली. तिचा गोल ठिपका. कोलकात्याची काहीच खूण नाही; सालाखाली मोकळी जागा दिसली की नाणं कोलकात्याचं. एवढं कळलं की चिल्लरीचा ढीग पत्रांच्या थप्पीसारखा दिसायला लागतो, प्रत्येकावर कुठून आलं त्याचा शिक्का. माझ्या नातवाला पाढे येण्याआधी ठिपका-चांदणी-चौकट येत होती. जमिनीवर खडूने चार रकाने आखून तो नाणी त्यांत टाकायचा आणि कोलकात्याच्या रकान्यात टाकताना ओरडायचा, "बिनखुणेचं!" एकाच सालाचं, एकाच चित्राचं नाणं चारही टांकसाळींचं मिळवायचं हा खरा खेळ. तो पुडक्यांवरच खेळता येतो, विकत घेऊन नाही. शिवाजी महाराजांचं माझ्याकडे मुंबईचं आहे. कोलकात्याचं अजून शोधते आहे.

महाराष्ट्रातल्या वाचकांना आवडतील अशी आणखीही नाणी फिरत होती. १९९९चाच संत ज्ञानेश्वरांचा रुपया. २००२चं संत तुकारामांचं दोनाचं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या जन्मशताब्दीचा १९९०चा रुपया आणि १२५व्या जयंतीचं २०१५चं दहाचं. लोकमान्य टिळकांचं पाचाचं, १५०व्या जयंतीनिमित्त आलेलं. रेल्वेच्या दीडशे वर्षांचं २००३चं दोनाचं नाणं मला विशेष प्रिय. त्यावर हातात कंदील घेतलेला भोलू हत्ती आहे, आणि आमच्या जवळच्या भिलाईत तर रेल्वेचे रूळच बनतात. यातली सगळी मला पुडक्यांतून मिळाली, फक्त बाबासाहेबांचा रुपया सासूबाईंच्या पानाच्या डब्यात निघाला. त्या रोज चुना लावताना तो बघत असणार, पण कधी बोलल्या नाहीत.

साल आणि खूण पाहिल्यावर मी लोहचुंबक लावते. हा चुंबक जुन्या रेडिओच्या स्पीकरचा, आमच्या ह्यांनी काढून दिलेला. पाचाच्या नाण्यांच्या ढिगावरून फिरवला की ढीग आपोआप दोन भागांत जातो. जाड, जड, ९ ग्रॅमचं जुनं पाचाचं नाणं तांबं आणि निकेलचं. ते चुंबकाकडे ढुंकूनही बघत नाही. २००७ आणि २००८ची पातळ पाचाची नाणी स्टेनलेस स्टीलची. ती टपकन उडी मारतात. त्यानंतरची पिवळी पुन्हा चिकटत नाहीत, कारण त्यांत लोखंड नाही. दोनाचंही तसंच: अकरा कोनांचं जुनं चिकटत नाही, २००५पासूनचं गोल स्टीलचं चिकटतं. टिळकांचं पाचाचं नाणं तर दोन्ही धातूंत निघालं आहे. डोळ्यांना एकसारखी दिसणारी दोन नाणी चुंबक वेगळी करून दाखवतो. मला ते पहिल्यांदा कळलं तेव्हा मी ह्यांना झोपेतून उठवलं होतं.

जुनं जाड पाचाचं नाणं आता पुडक्यात क्वचित येतं. एके काळी वर्तमानपत्रांत बातम्या येत की ही नाणी चोरून सीमेपार बांगलादेशात नेतात आणि त्यांच्या धातूची दाढीची पाती बनवतात. नाण्यातला धातू त्याच्या किमतीपेक्षा महाग झाला की असं होतं, आणि म्हणूनच सरकार स्वस्त धातूकडे वळतं. नाणी वितळवणं गुन्हा आहे. २०११च्या नाणे कायद्यात त्याला सात वर्षांपर्यंत कैद आहे. त्या जाड नाण्याची कड मी मुद्दाम बोटाने चाचपते. कडेच्या बरोबर मध्ये एक बारीक खाच फिरते आणि खाचेत ठिपक्यांची नक्षी आहे. इतकं निगुतीने केलेलं काम पाच रुपयांत हातोहात फिरत होतं.

स्टीलच्या नाण्यांशी आमचं घरचं नातं आहे. नंदिनीच्या खाणीतला चुनखडक भिलाईच्या भट्ट्यांत जातो. लोखंड वितळताना खडकातली घाण वेगळी काढायला तो लागतो. ह्यांची सगळी नोकरी त्या खाणीत गेली. भिलाईचा कारखाना सेल या सरकारी पोलाद कंपनीचा, आणि तमिळनाडूतला सेलमचा कारखानाही सेलचाच. तिथे स्टेनलेस स्टील बनतं, आणि नाण्यांसाठी गोल चकत्याही तिथेच कापल्या गेल्या; टांकसाळीत त्या चकत्यांवर ठसा मारला की नाणं होतं. खाणीत ब्लास्टिंग होऊन दुकानाच्या काचा थरथरल्या की माझ्या हातातला स्टीलचा रुपया मला घरचाच वाटतो.

चुकीचं नाणं ओळखायची एक सोपी रीत आहे. नाणं वरून आणि खालून दोन बोटांच्या चिमटीत धरा आणि दाराच्या फळीसारखं फिरवा. मागची बाजू सरळ उभी दिसली पाहिजे. ती तिरकी किंवा आडवी आली तर टांकसाळीत ठसा फिरलेला होता. असं नाणं मला सात-आठ वेळा मिळालं आहे. कधी कडेचा चंद्रकोरीएवढा तुकडा नसतो. चकती कापताना पत्रा नीट सरकला नाही की तसं होतं. असं एकच मिळालं, एक रुपयाचं. आणि सर्वांत दुर्मीळ ती लाखी. आधीचं नाणं ठशालाच चिकटून राहतं आणि पुढच्या चकतीवर त्याचाच उलटा, खोलगट छाप पडतो; एका बाजूला सिंह वर आलेले, दुसऱ्या बाजूला तेच सिंह आत गेलेले. अठरा वर्षांत मला लाखी मिळालेली नाही. रायपूरच्या एका नाणेवाल्याकडे काचेआड पाहिली, हातात घेऊ दिली नाही.

बाजाराला मात्र या नाण्यांची भीती बसली आहे, आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. दहाचं नाणं २००९मध्ये चलनात आलं. सुरुवातीच्या नाण्यांवर २००५, २००६ अशी सालं होती, मग चित्रं बदलत गेली, २०११मध्ये रुपयाचं चिन्ह आलं. कुणीतरी उठवलं की चिन्ह नसलेलं खोटं, दहा पाकळ्यांचं खरं, पंधरा पाकळ्यांचं खोटं. रिझर्व्ह बँकेला जानेवारी २०१८मध्ये जाहीर सांगावं लागलं की तोवर निघालेली चौदाही चित्रांची नाणी चालतात. तरी आमच्याकडे भाजीवाली हात मागे घेते: "ये सिक्का नइ चलय, काकी." छोट्या रुपयाचंही तेच. २०११नंतरचा रुपया जुन्या मुठीच्या चित्राच्या पन्नास पैशांएवढाच लहान आहे, म्हणून लोक तो रुपया मानायलाच तयार नाहीत. मी माझ्या दुकानात पाटी लावली आहे की सगळी नाणी घेतली जातील. त्यामुळे आजूबाजूची नको असलेली चिल्लर माझ्याकडे जमते. बँकेत जावं लागण्याआधीच कधी कधी मला पुडकं घरबसल्या मिळतं. लोकांनी मात्र माझ्यावर उपकार म्हणून नाणी द्यावीत असं मला वाटत नाही. त्यांनी एकमेकांत ती घ्यावीत. पन्नास पैसेसुद्धा अजून कायदेशीर चलन आहे. २५ पैसे आणि त्याखालची नाणी तेवढी ३० जून २०११पासून बंद झाली.

भीतीपेक्षाही वाईट म्हणजे लोभ. आमच्या ओळीतल्या एका कंत्राटी कामगाराला वैष्णोदेवीचं २०१२चं पाचाचं नाणं मिळालं. मोबाइलवर त्याने पाहिलं होतं की हे लाखांना जातं. फोन केला तर पलीकडचा माणूस गोड बोलला, रिझर्व्ह बँकेचं नाव असलेला कागद पाठवला, आणि आधी नोंदणी, मग कर, मग विमा म्हणत तीन वेळा पैसे मागून घेतले. मुलीच्या फीसाठी ठेवलेले साडेसहा हजार गेले. तो माझ्याकडे आला तेव्हा नाणं मुठीत घट्ट धरलेलं होतं. मी त्याला माझा डबा उघडून दाखवला. तेच नाणं माझ्याकडे चार होती, चारही पाच-पाच रुपयांना आलेली. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१मध्ये लोकांना स्पष्ट बजावलं आहे की ती असा कोणताही व्यवहार करत नाही आणि कुणाकडून शुल्क मागत नाही. या इशाऱ्याचा कागद मी आता दुकानात चिकटवून ठेवला आहे. चिल्लरीतून निघालेलं, हातोहात झिजलेलं नाणं बहुतेक वेळा पाच-पन्नास रुपयांच्या पलीकडे जात नाही. लाखाचं नाणं कुणी फोनवर घेत नाही. विकत घेणारा आधी ते हातात घेऊन, भिंगातून, कडेपासून बघतो आणि पैसे स्वतः देतो.

एक चूक माझीही झाली, ती सांगितली पाहिजे म्हणजे दुसऱ्याची होणार नाही. १ एप्रिल १९५७ला दशमान पद्धत आली, तेव्हाचा एक नया पैसा मला आईच्या ट्रंकेत मिळाला होता. काळा पडलेला. मी देवाची भांडी घासते तसा चिंचेने घासला. लखलखीत झाला. मग नाणेवाल्याने तो बघून नुसती मान हलवली. साठ वर्षांत धातूवर जो थर चढतो तोच नाण्याचं वय सांगतो आणि तोच त्याचं रक्षणही करतो; मी तो पाच मिनिटांत काढून टाकला होता. आता मी काहीच घासत नाही. फार चिकट असेल तर साध्या पाण्यात बुडवून मऊ कापडाने टिपते, आणि प्लास्टिकऐवजी कागदी पाकिटात ठेवते. मऊ प्लास्टिकच्या पिशवीत तांब्याची नाणी काही वर्षांनी हिरवी, ओशट होतात.

इथल्या मातीत नाणी फार जुनी आहेत. दीड हजार वर्षांपूर्वीच्या शरभपुरीय राजांची सोन्याची नाणी छत्तीसगडात सापडली आहेत. पत्रा इतका पातळ की छाप मागून ठोकून उठवलेला. एका बाजूला गरुड, शंख, चक्र उंच, दुसरी बाजू पोकळ. ती लाखीसारखी दिसतात, पण तिथे ती चूक नव्हती, तशीच करण्याची पद्धत होती. आणि इथल्या म्हाताऱ्या बायकांच्या गळ्यात अजून कधी कधी कलदार रुपयांची माळ दिसते. राणीच्या, राजाच्या चेहऱ्याचे चांदीचे रुपये, कडी लावून ओवलेले. आमच्या आजीच्या पुतळ्यांच्या माळेसारखीच. अहिवाऱ्याच्या बाजारात एका आजीने मला तिची माळ हातात घेऊ दिली होती. मी सालं वाचत गेले, ती ऐकत राहिली. तिला ती कधी कुणी वाचून दाखवली नव्हती.

गेल्या पावसाळ्यात पाचाचं एक पुडकं आलं, बहुधा दानपेटीतलं, कुंकवाने माखलेलं. चुंबकाला न चिकटलेल्यांत एक जाड नाणं निघालं, १९९९चं. सालाखाली चौकट नाही, ठिपका नाही, चांदणी नाही, आणि मोकळी जागाही नाही. तीन बारीक अक्षरं. दोन इंग्रजी एमसारखी, तिसरं पायांवर उभ्या असलेल्या घरासारखं. नाण्यांची मागणी आपल्या टांकसाळींना पुरी होईना तेव्हा सरकारने परदेशांतूनही नाणी पाडून आणली, हे मला माहीत होतं; १९८५च्या काही रुपयांवर इंग्लंडच्या हीटन टांकसाळीचा एच आहे. पण हे घरासारखं अक्षर कळेना.

आमचे हे खाटेवर पडले होते. मी भिंग आणि नाणं त्यांच्या हातात दिलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "हा रशियन द आहे. आमच्या जुन्या मशिनांच्या पाट्यांवर असायचा." भिलाई सोव्हिएत मदतीने उभी राहिली, १९५५च्या करारानंतर, पहिली भट्टी ४ फेब्रुवारी १९५९ला सुरू झाली. खाणीत रशियन पाट्यांची यंत्रं होती, आणि पाट्यांवरची अक्षरं ह्यांच्यासारखे लोक वाचायला शिकले होते, सुटा भाग मागवताना लागत म्हणून. मॉस्कोच्या टांकसाळीची ही तीन अक्षरं. मॉस्कोहून निघालेलं पाचाचं नाणं भारतभर फिरून, कुठल्यातरी देवळात वाहिलं जाऊन, रशियनांनी वसवलेल्या गावाच्या खाणीशेजारी आमच्या पेपरवर येऊन पडलं होतं.

ह्यांनी ते परत दिलं नाही. उशीखाली ठेवलं आणि म्हणाले, "हे पाच रुपये माझ्या खात्यावर लिही." मी वहीत लिहिलं. उरलेली नव्व्याण्णव मोजून दुकानाच्या थैलीत भरली.